रुंद आणि सपाट तळाचे बूट: कोणाला, कोणते आणि किती सावकाश

आपण विचारले आहे की, कामामुळे दिवसाचे सहा-सात तास उभे राहावे लागते, चवडा मुळातच रुंद आहे, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन बूट तिथे घासतो आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाच टेकवत नाही; अशा वेळी नेहमीचे बूट सोडून रुंद आणि सपाट तळाचे बूट घ्यावेत का, घ्यायचे तर कसे पारखावेत, आणि घरात असलेल्या चांगल्या बुटांचे काय करावे. पायांची मापे घेण्यात आणि दुखऱ्या पायांसाठी पादत्राणे सुचवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या प्रश्नात मला नेहमी एकच घोटाळा दिसतो. ‘रुंद’ आणि ‘सपाट’ हे शब्द जोडीने उच्चारले जातात आणि जणू तो एकच गुण असावा अशा थाटात त्यांची शिफारस होते. वास्तविक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बोटांना पुरेशी रुंदी जवळजवळ प्रत्येक पायाला हवी असते आणि तिने सहसा अपाय होत नाही. सपाटपणाचे तसे नाही. तो एखाद्याला मानवतो, एखाद्याला अजिबात मानवत नाही. आपल्या बाबतीत तर एकाच पायात दोन तक्रारी आहेत, त्यामुळे अंगठ्याला जे सुखावेल ते टाचेला लगेच सोसेलच असे धरून चालता येणार नाही.

आधी रुंदीचे पाहू. एका पावलात २६ हाडे असतात, आणि त्यांपैकी चवड्यातली पाच लांब हाडे भार येताच किंचित फाकतात. म्हणून बसलेल्या अवस्थेपेक्षा उभे राहिल्यावर पाऊल लांबही भरते आणि रुंदही. बूट ज्या साच्यावर बेततात, ज्याला या धंद्यात लास्ट किंवा फर्मा म्हणतात, त्याचे टोक मात्र बहुधा मध्यभागी निमुळते होत जाते. पायाचे सर्वांत लांब बोट मध्यभागी नसते, ते अंगठा किंवा त्याच्या शेजारचे बोट असते. बुटाचे टोक आणि पायाचे टोक असे मुळातच वेगळ्या जागी असल्याने अंगठा आत ढकलला जातो आणि करंगळी वर किंवा खाली दडपली जाते. ही तक्रार नवी नाही. डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यांनी १७८१ मध्ये बुटाच्या योग्य आकारावर लिहिले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झ्युरिकचे हेर्मान फॉन मायर यांनी अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली सरळ रेषा टाचेच्या मध्यावर यायला हवी, असे सांगून त्याप्रमाणे बूट बेतण्याचा आग्रह धरला होता. तरीही परिस्थिती फारशी बदललेली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळे अभ्यास एकत्र पाहिले असता ६३ ते ७२ टक्के लोकांच्या बुटांची लांबी किंवा रुंदी त्यांच्या पायाशी जुळत नव्हती. माझ्यासमोर जे पाय येतात ते पाहता हा आकडा मला मुळीच फुगवलेला वाटत नाही.

बुटावर ‘रुंद’ असा शिक्का असला म्हणजे काम झाले असे नाही. अमेरिकी पद्धतीत पुरुषांसाठी ‘डी’ ही साधारण रुंदी, ‘२ई’ रुंद आणि ‘४ई’ त्याहून रुंद समजतात, तर स्त्रियांसाठी ‘बी’ साधारण आणि ‘डी’ रुंद. म्हणजे तेच अक्षर एकाच्या बुटावर साधारण आणि दुसऱ्याच्या बुटावर रुंद असा अर्थ सांगते. ब्रिटिश पद्धतीची अक्षरे आणखी वेगळी. शिवाय ही अक्षरे चवड्याच्या सांध्यांपाशी असलेल्या रुंदीबद्दल बोलतात, बोटांच्या टोकांपाशी असलेल्या जागेबद्दल नव्हे. सांध्यांपाशी ऐसपैस आणि पुढे पूर्वीइतकाच निमुळता, असा बूट मी पुष्कळदा पाहतो. काही उत्पादक तर तळ तोच ठेवून फक्त वरचे कातडे किंवा कापड सैल बेततात. अशा बुटात पाऊल तळाच्या कडेबाहेर लोंबते आणि कडेवर घासते. आपल्याला हवी ती रुंदी तीन ठिकाणी तपासावी लागते: अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या टोकांशी, आणि वरून खाली, म्हणजे बोटांवरची उंची. हॅमरटो, म्हणजे मधल्या सांध्यात वाकून वर उचललेले बोट, ज्यांना आहे त्यांची भोवरी बहुधा या उंचीअभावीच होते. आडवी रुंदी कितीही वाढवली तरी ती जात नाही.

रुंद बूट मिळत नाही म्हणून एक-दोन नंबर मोठा बूट घेणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त केला जाणारा घोटाळा आहे. बुटाचा तळ एका ठरावीक रेषेवर वाकतो आणि ती रेषा अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याखाली यायला हवी. बूट लांब घेतला की ती रेषा पुढे सरकते, टाच मागे सुटू लागते आणि ती सावरण्यासाठी बोटे दर पावलाला तळ पकडायला पाहतात. दिवसभर हे चालले की चवडा दुखतो, पोटरी थकते आणि माणूस म्हणतो, ‘मोठे घेऊनसुद्धा दुखतेच.’ दुकानात माप घेण्याचे जे धातूचे उपकरण पूर्वी सर्रास दिसे, ते चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केले. टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि रुंदी यांच्याबरोबर टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबीही ते मोजते, आणि दोन लांब्यांमध्ये फरक पडला तर मोठी असेल त्या लांबीने बूट बसवायचा असतो. ज्यांची बोटे आखूड आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचा भाग लांब आहे त्यांना या एका मापाने वर्षानुवर्षांचा त्रास सुटल्याचे मी पाहिले आहे.

असे उपकरण हाताशी नसेल तरी अडत नाही. संध्याकाळी, म्हणजे दिवसभराच्या भाराने पाय किंचित सुजलेले असताना, जे मोजे बुटात घालणार तेच घालून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल उभी धरून पावलांची बाह्यरेषा काढून घ्यावी. स्वतः वाकून काढली तर भार हलतो आणि रेषा चुकते. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाचा आकार कापून घ्यावा. बुटाचा आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, काढता येत असेल तर तो बाहेर काढून त्यावर हा कागद ठेवावा. बोटांच्या भागात कागद बाहेर जात असेल तर तो बूट कितीही मऊ वाटला तरी आपला नव्हे. लांबीत सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा राहायला हवी, कारण चालताना पाऊल पुढे सरकते. नंबरावर विसंबून राहू नये. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर आणि ब्रिटिश मापात सुमारे ८.५ मिलिमीटर, पण प्रत्येक उत्पादकाचा लास्ट वेगळा असल्याने तोच नंबर वेगळ्या बुटात वेगळा बसतो. आणि ‘चालून चालून सैल होतील’ या आशेवर बूट कधीच घेऊ नये. कातडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत मुळीच नाही, आणि कृत्रिम कापड तर बहुतेक वेळा आहे तसेच राहते.

रुंदी शोधताना टाच विसरू नये. पुढे रुंद आणि मागे अरुंद असे पाऊल फार सामान्य आहे, आणि सरसकट ऐसपैस बुटात त्याची टाच सुटते. म्हणून लेसचा किंवा पट्ट्याचा बूट घ्यावा, नुसता सरकवून घालायचा नको. टाचेमागचा भाग दाबून पाहिल्यावर घट्ट असावा. आपल्या अंगठ्याच्या गाठीसाठी एक साधी युक्ती सांगतो: लेस घालताना गाठीच्या सरळ रेषेत येणारे भोक सोडून पुढच्या भोकात लेस ओवावी आणि सर्वांत वरच्या भोकांशी ती घट्ट बांधावी. गाठीवरचा ताण उतरतो आणि टाच जागेवर राहते. त्या गाठीवर शिवण, नक्षी किंवा कडक पट्टी येणार नाही हेही पाहावे. आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या गाठीला बनियन म्हणतात, आणि रुंद बुटाने तिचा त्रास पुष्कळ कमी होतो, पण वाकलेला अंगठा सरळ होत नाही. बोटांमध्ये घालायच्या रबरी पाचरींबद्दलही तेच. त्या घालून बरे वाटत असेल तर जरूर घालाव्यात, हाड जागेवर येईल म्हणून नव्हे. असेच मोज्यांचे आहे. घट्ट विणीचा मोजा बोटांना एकत्र बांधून टाकतो आणि मग बुटातली सारी रुंदी वाया जाते, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मुळाशी जळजळ, मुंग्या किंवा बुटात खडा गेल्यासारखे वाटणे, अशी तक्रार आपण लिहिलेली नाही, पण पुढेमागे झाली तर ध्यानात असावे की ती मॉर्टनच्या न्यूरोमाची, म्हणजे बोटांकडे जाणारी नस दाबली जाऊन जाड झाल्याची, खूण असू शकते. तिथे रुंद टोकाइतकाच उपयोग चवड्याला आधार देणाऱ्या छोट्या गादीचा होतो, आणि ती गादी दुखऱ्या जागेच्या खाली नव्हे तर तिच्या किंचित मागे लावायची असते. नेमक्या दुखऱ्या जागी लावून दुखणे वाढवून घेतलेले लोक मी इतके पाहिले आहेत की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता सपाटपणा. बुटाची टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, त्या फरकाला ड्रॉप म्हणतात. धावण्याच्या पारंपरिक बुटांत तो १० ते १२ मिलिमीटर असतो, आणि शून्य ड्रॉपच्या बुटात टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. हा फरक बाहेरून दिसतोच असे नाही. बाहेरून सपाट दिसणाऱ्या बुटाच्या आत टाचेखाली उंचवटा असू शकतो. ड्रॉप आणि तळाची जाडी याही वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य ड्रॉपचा बूट तीन सेंटिमीटर जाडीचा मऊ तळ घेऊन येऊ शकतो, आणि पातळ तळाच्या बुटात थोडा ड्रॉप असू शकतो. टाचेला सपाट पण पुढे चिमटीसारखा निमुळता असा बॅलेरिना प्रकारचा बूट ‘फ्लॅट’ म्हणून सुचवला जातो, तेव्हा तर मला हसावे की रडावे कळत नाही. टाच खाली आली, बोटे तिथल्या तिथेच.

सपाट तळाचे फायदे खरे आहेत. टाच उंच झाली की भार चवड्याकडे सरकतो, म्हणून चवड्याच्या बहुतेक दुखण्यांत टाच खाली आणणे हा पहिला उपाय असतो. रुंद बैठकीचा, फार मऊ नसलेला तळ तोल सांभाळायला बरा पडतो. उतारवयात जाड, लिबलिबीत तळाच्या बुटात पाय जमिनीचा अंदाज घेऊ शकत नाही. पायाच्या लहान स्नायूंनाही काम मिळते. २०२१ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे दाखवले की सहा महिने रोजच्या कामांसाठी पातळ, लवचीक, सपाट तळाचे बूट वापरणाऱ्यांच्या पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. बुटाचे टोक वर वळवलेले असले तर उलटा परिणाम होतो. २०२० च्या एका प्रयोगात अशा वर वळलेल्या टोकामुळे चालताना पायाच्या लहान स्नायूंना करावे लागणारे काम कमी होते, असे आढळले.

पण ज्या पायाला वर्षानुवर्षे उंच टाचेची सवय आहे त्याची पोटरी आखडलेली असते. नियमित उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीच्या स्नायूंचे धागे आखूड आणि टाचेमागचा स्नायुबंध जाड व ताठर झालेला असतो, हे २०१० मध्ये मोजून दाखवले गेले आहे. असा पाय एकदम सपाट तळावर आणला की टाचेमागची शीर आणि तळव्याचा पडदा दोन्ही ताणले जातात. धावपटूंचा अनुभवही हेच सांगतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धावपटूंना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांवर आणले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या पायाच्या हाडांत अतिभाराची सूज एमआरआयवर दिसली. बूट वाईट होते असे मी म्हणणार नाही. हाडांना वेळ मिळाला नव्हता.

आपल्या टाचेचा प्रश्न इथे येतो. सकाळची पहिली पावले दुखणे आणि थोडे चालल्यावर बरे वाटणे, ही प्लांटर फॅसायटिसची ओळखीची खूण आहे, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पडद्याचे दुखणे. (‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे कोणी एक्स-रे पाहून सांगितले असेल तर त्याने घाबरू नये, असे हाड वाढलेल्या कित्येकांची टाच कधीच दुखत नाही.) चालताना अंगठा मागे वळला की हा पडदा दोरीसारखा गुंडाळला जाऊन ताणतो आणि पायाची कमान उचलली जाते, १९५४ मध्ये हिक्स या संशोधकांनी या क्रियेचे वर्णन केले, तेव्हापासून तिला विंडलास, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटासारखी, यंत्रणा म्हणतात. पातळ आणि फार लवचीक तळाच्या बुटात अंगठा जास्त वळतो, त्यामुळे दुखऱ्या पडद्यावर ओढ वाढते, आणि पोटरी आखडलेली असेल तर त्यात भरच पडते. म्हणून माझा सल्ला असा की आपण आत्ता रुंदी पूर्ण घ्यावी आणि सपाटपणा अर्धा घ्यावा: बोटांशी ऐसपैस, ड्रॉप ४ ते ८ मिलिमीटर, टाचेखाली बेताची गादी, आणि बोटांच्या सांध्यापाशी वाकणारा पण मधोमध न मुरगळणारा तळ. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवावा. तो मध्यभागी दुमडला तर उभ्याने काम करणाऱ्या, टाच दुखणाऱ्या माणसासाठी तो योग्य नव्हे. घरात गुळगुळीत फरशीवर अनवाणी फिरणेही सध्या टाळावे, कारण आठ तास चांगला बूट घालून उरलेला वेळ कडक फरशीवर काढला तर टाच बरी व्हायला उगीच उशीर लागतो.

टाच शांत झाली आणि निदान दोन महिने शांत राहिली, की सपाट तळाकडे जायला हरकत नाही. त्याआधी घोटा पुरेसा वाकतो का ते पाहावे. भिंतीकडे तोंड करून पावलाचे टोक भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. टेकत नसेल तर पोटरी अजून आखडलेली आहे. मग सरळ गुडघ्याने आणि वाकलेल्या गुडघ्याने असे दोन्ही प्रकारे पोटरीचे ताण, आणि आधाराला हात ठेवून टाचा उचलण्याचा व्यायाम, हे आधी काही आठवडे करावेत. त्यानंतर सपाट बूट पहिल्या आठवड्यात रोज वीस-तीस मिनिटे, तेही साध्या चालण्यासाठी, आणि मग सावकाश वाढवत दोन ते तीन महिन्यांत पूर्ण दिवसावर. पोटरी किंचित भरून येणे चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच पूर्वीपेक्षा जास्त दुखली, किंवा चवड्यातल्या एखाद्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखू लागली, तर तिथेच थांबून तपासून घ्यावे. दुसरी खूण हाडाला तडा जात असल्याची असू शकते.

काही पायांना मात्र सपाट, लवचीक तळ मी सहसा सुचवतच नाही. अंगठ्याचा मुळाचा सांधा झिजून ताठ झाला असेल तर त्याला वाकायला लावणारा तळ म्हणजे शिक्षाच. त्याला न वाकणारा आणि पुढे गोलाकार उचललेला तळ हवा. आपल्या गाठीबरोबर सांधाही ताठ झाला आहे का, हे खुर्चीत बसून हाताने अंगठा वर वळवून पाहावे, कारण तसे असेल तर वर मी दिलेला सल्ला बदलतो. टाचेमागची शीर जिथे हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर काही काळ थोडी उंच टाचच लागते. फार उंच कमानीच्या ताठ पायाला भार टाच आणि चवड्यावरच झेलावा लागतो, म्हणून त्याला गादी हवी. मोठ्या वयात एकाच पायाची कमान हळूहळू बसत चालली असेल आणि त्या एका पायावर उभे राहून टाच उचलता येत नसेल, तर घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध कमजोर झालेला असू शकतो; तिथे आधाराची गरज असते आणि उशीर महागात पडतो. तळवा जन्मापासून सपाट असणे ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि सपाट सोलमुळे कमान ‘पडते’ ही भीती निराधार आहे.

मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट निवडण्याचे नियमच वेगळे. जो पाय दुखत नाही तो बूट चावतो हे सांगतही नाही. अशा पायाला रुंदी, जादा खोली आणि आतून शिवणरहित अस्तर हवे, पातळ तळ नको. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि नवा बूट काढल्यावर लगेच तळवे, बोटांच्या फटी नीट तपासाव्यात. एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला, दुखत नसला तरी, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

राहता राहिले घरातले बूट. टाकून देण्यापूर्वी त्यांवर तोच कापलेला कागद लावून पाहावा. लांबी जुळत असेल, बूट खऱ्या कातड्याचा असेल आणि फक्त गाठीच्या जागी दाबत असेल, तर मोचीकडे एक सांडशीसारखे हत्यार असते, ज्याच्या एका टोकाला गोळी आणि दुसऱ्याला कडी असते; त्याने कातड्याचा तेवढाच भाग दोन-तीन दिवस ताणून फुगवता येतो. गाठीची जागा बुटावर खडूने नेमकी खूण करून न्यावी, अंदाजाने सांगू नये. बोटांच्या टोकाशी दाबणारे, टाच एका बाजूला झिजलेले आणि कृत्रिम कापडाचे बूट मात्र ताणून सुधारत नाहीत.